आठ मात्रांची फुलराणी

जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि ‘बालकवी’ झाला. पुढे कवी रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो आपल्याला भेटतो. अवघ्या सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात त्याने केवढी परीकथा रचली! त्याची ‘फुलराणी’ ही कविता एकदा वाचली की कानातून जात नाही. का बरं?

मात्रा मोजून पाहा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची, आठ-आठचे दोन भाग. या वृत्ताचं नाव पादाकुलक. जणू झोपाळाच: आठ मात्रांत पुढे जातो, आठ मात्रांत मागे येतो आणि दर दोन ओळींनी यमक जुळतं तेव्हा पाय जमिनीला लागतो.

आता पहिलीच ओळ आठवा. गवताच्या रंगाचा शब्द, ‘हिरवे’, लागोपाठ दोनदा येतो. हौस म्हणून? तो शब्द चार मात्रांचा आहे. दोनदा म्हटला की बरोबर आठ, अर्धी ओळ भरली! मराठी माणूस बोलतानाही असंच बोलतो: झुळझुळ, सळसळ, टपटप. यातला प्रत्येक शब्द चार मात्रांचा, म्हणजे पाव ओळ. आपल्या रोजच्या द्विरुक्तीतच हे वृत्त दडलेलं आहे. बालकवी तर लाजण्याच्या क्रियापदालाही दोनदा लाजायला लावतात!

ओळींची गुंफणही पाहा. दुसरी ओळ मखमलीवर संपते आणि तिसरी त्याच मखमलीवर खेळू लागते. शब्द हातातून सुटतच नाही.

सगळ्यात मोठं नवल कडव्याच्या शेवटी आहे. ‘फुलराणी’च्या मात्रा सहा. तिला ‘ला’ हा प्रत्यय जोडा: आठ! नायिकेचं नाव विभक्तीसकट अर्ध्या ओळीत नेमकं बसतं. म्हणून ध्रुवपदासारखं ते परत परत येऊ शकतं, आणि दरवेळी गोष्ट पुढे सरकलेली असते. पहिल्या कडव्याअखेर ‘फुलराणीला’ जगाचं काहीच ठाऊक नसतं. मग ती लाजते, स्वप्नं पाहते, सूर्यकिरणाशी तिचं लग्न लागतं. आणि अखेरच्या दोन ओळींत कवी अभिषेक करतो, तोही ‘फुलराणीला’च. तोच शब्द, त्याच आठ मात्रा, पण एवढ्यात अजाण पोर नवरी झालेली असते!