घोडेआजोबांचे पथ्यपाणी



आपल्या वर्गातली आम्ही चार कुटुंबे गेल्या मार्चपासून दर शनिवारी सकाळी सॅक्रामेंटोच्या बाहेर एका लहानशा निवाऱ्यात घोड्यांची सेवा करायला जातो. पांजरपोळ म्हणा ना! मुंबईत भुलेश्वरकडे १८३४ पासून पांजरपोळ आहे, त्यामुळे आजीआजोबांना फोनवर हा शब्द सांगितला की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

मार्चमध्ये तिथे एक म्हातारा घोडा आला. मालक वारले, त्यांची मुले दूरच्या राज्यात, आणि घोडा कुंपणाआड वाळक्या गवतात तसाच राहिला. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून काउंटीच्या लोकांनी त्याला सोडवून आणले. आपल्या मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. आता मराठीत आजोबांना 'तो' म्हणत नाहीत, म्हणून इथून पुढे लेखातही 'ते'च.

आजोबांच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. मुलांची एकच मागणी होती, बादलीभर चंदी द्या! (चंदी म्हणजे घोड्याला द्यायचे धान्य. देशात हरभरे, इथे ओट आणि मका.) डॉक्टरीणबाईंनी साफ नकार दिला. त्यांनी दिली ती लसूणघास, इथे जिला अल्फाल्फा म्हणतात ती, आणि तीही फक्त ४५० ग्रॅम. चार तासांनी पुन्हा तेवढीच. "काकू, थोडं अजून द्या ना," म्हणता म्हणता मुले रडकुंडीला आली. पण बाईंचे बरोबर होते. उपाशी घोडा पोटभर धान्य खाऊन मरू शकतो.

ते कसे, हे समजून घेऊ. बरेच दिवस अन्न मिळाले नाही की शरीर आधी चरबी आणि मग स्नायू जाळून दिवस काढते. या काळात फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे क्षार शरीरात फार कमी उरतात. अशा वेळी पोटात एकदम पिष्टमय धान्य गेले की रक्तात साखर वाढते, तिच्यामागे इन्सुलिन वाढते, आणि इन्सुलिन साखरेबरोबर हे उरलेसुरले क्षारही रक्तातून पेशींत ओढून नेते. रक्तात क्षार उरले नाहीत की हृदय आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. हे लगेच होत नाही, काही दिवसांनी होते. म्हणूनच लोक फसतात. पहिल्या दिवशी घोडा आनंदाने खातो, सगळ्यांना बरे वाटते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो कोसळतो. माणसांचेही असेच होते. १९४५ मध्ये दुसरे महायुद्ध संपताना छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण असेच जेवण मिळाल्यावर दगावले.

मग लसूणघासच का? डेव्हिसच्या विद्यापीठात (म्हणजे आपल्या अगदी शेजारी) कॅरोलिन स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळा चारा देऊन पाहिला, त्यात लसूणघास सर्वांत बरी ठरली. तिच्यात पिष्ट कमी, प्रथिने भरपूर, शिवाय नेमके हवे ते फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही. पहिले तीन दिवस दिवसातून सहा वेळा, मग हळूहळू घास मोठा आणि वेळा कमी. सहाव्या दिवशी दर आठ तासांनी सुमारे १.८ किलो. दहा दिवसांनंतर दोन वेळा, खाईल तेवढी. धान्य मात्र आणखी बरेच दिवस नाही. रात्री दोनच्या आणि सकाळी सहाच्या पाळ्या मोठ्या माणसांनी वाटून घेतल्या. ऑफिसातले सर्व्हर पडले की रात्री उठायची सवय आम्हाला होतीच, इथे निदान ताजी हवा तरी होती!

आजोबांचे वजन कळायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि ३३० ने भागायचे. उत्तर पौंडांत येते. आजोबांची लांबी ६६ इंच, म्हणजे घेराचा वर्ग भागिले ५. मार्चमध्ये घेर ६३ होता, ऑक्टोबरमध्ये ६८ झाला. दोन्ही वजने मुलांनी घरी काढून आणावीत. (कॅल्क्युलेटर नको!) दुसरे माप डोळ्यांचे आणि हाताचे. टेक्सासच्या डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ ही श्रेणी सगळीकडे वापरतात. मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचे मूळ असे चाचपून बघायचे. १ म्हणजे नुसता सापळा, ५ म्हणजे ठीक. आजोबा दीडवर आले होते, आता चारवर आहेत.

चाऱ्यानंतर दात. आजोबांची खरी गोष्ट तोंडातच आहे. घोड्याच्या दाढा हिरडीत खोलवर असतात. चावून चावून त्या वरून झिजतात आणि खालून दर वर्षी २-३ मिलिमीटर वर सरकतात. पेन्सिल झिजते तशी दाढ संपत जाते, आणि पंचविशी-तिशीत ती खरोखरच संपते. शिवाय घोडा जबडा आडवा फिरवून चघळतो, त्यामुळे दाढांच्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ कापतात. त्या कानशीने घासाव्या लागतात. आजोबांच्या कडा कित्येक वर्षे कोणी घासल्या नसाव्यात. ते गवत तोंडात घोळवून त्याचे ओले बोळे खाली टाकत. म्हणजे समोर गवत असूनही उपाशी! म्हणून त्यांची लसूणघास गोळ्यांच्या रूपात येते आणि पाण्यात भिजवून लापशी करूनच दिली जाते. कोरड्या गोळ्या अन्ननलिकेत अडकू शकतात.

दातांवरून वयही कळते, ढोबळ मानाने. वरच्या पुढच्या दातांपैकी कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. विसाव्या वर्षी ती टोकापर्यंत पोचते आणि मग वरून पुसत जाते. आजोबांची खाच खालच्या अर्ध्यातच उरली आहे, म्हणजे वय पंचविशीच्या आसपास. माणसांत सत्तरी उलटलेली समजा.

खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतात. आजोबांचे इतके वाढले होते की चालताना पाय वाकडे पडत. नालबंदाने ते एकदम न कापता दोन-तीन खेपांत छाटले, आता दर सहा-आठ आठवड्यांनी येतो. आणि रोज थोडे चालवायचेच. 'घोडा का अडला? भाकरी का करपली?' याचे उत्तर (न फिरवल्यामुळे!) वर्गात सगळ्यांना पाठ आहे. म्हाताऱ्या घोड्याच्या सांध्यांना आणि पोटाला ते शब्दशः लागू पडते.

आंघोळीपेक्षा खरारा महत्त्वाचा. खरारा, तोबरा, लीद हे शब्द मुलांना शनिवारीच शिकायला मिळाले. लीद उचलणे हे कोणाला कमीपणाचे वाटत नाही, उलट त्यावरून भांडणे होतात. रोज लीद किती आणि कशी पडली याची नोंद ठेवतो, कारण घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

पालकांना एक विचारायचे आहे. आजोबा गेले तर मुलांना काय सांगायचे? आम्ही आधीच बोलून ठेवले आहे. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सैन्याचे घोडे नंतर इजिप्तमध्ये विकले गेले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक कैरोला गेल्या तेव्हा त्यांतले उरलेले म्हातारे घोडे अजून ओझी ओढत होते. वर्तमानपत्रातून पैसे गोळा करून त्यांनी तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले, आणि १९३४ मध्ये तिथे घोड्यांचा दवाखाना काढला. त्यांतले बहुतेक घोडे वाचण्यापलीकडे गेले होते. त्यांना आधी खाणे आणि विसावा दिला, मग वेदनेशिवाय मरण. आमच्या घरी दहा वर्षांच्या मुलीने विचारले, "मग त्यांना वाचवलं असं का म्हणायचं?" यावर आमच्यात दोन मते आहेत. तुमच्या घरी काय उत्तर निघते ते कळवा.

ज्यांना यायचे आहे त्यांनी बंद बूट घालावेत, घोड्याच्या मागून कधीही जाऊ नये, खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जावे. गाजरे, लाडू, पोळ्या काही आणू नये. जुने टॉवेल जरूर आणावेत. लापशी सकाळी आठला भिजते, त्या दिवशी ती कोणी वाढायची ते तबेल्याच्या फळ्यावर लिहिलेले असते.