फॅमिन, स्कॅर्सिटी, डिस्ट्रेस

इंग्रजीतून मराठीत मजकूर आणणारा, मग तो वृत्तपत्राच्या कचेरीतील उपसंपादक असो, सरकारी दप्तरातील भाषांतरकार असो की परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असो, हार्डशिप, डिस्ट्रेस, स्कॅर्सिटी, डर्थ आणि फॅमिन या शब्दांपाशी आला, आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे संकट, हाल, टंचाई, दुष्काळ असे प्रतिशब्द थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा आलेले त्याने पाहिले, म्हणजे यांतला कोणताही एक योजला तरी चालेल अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यांतील प्रत्येक शब्द निरनिराळी गोष्ट मोजतो; आणि कोणता शब्द कागदावर उमटला, यावर लक्षावधी माणसांना अन्न मिळाले की नाही हे ठरल्याचे दाखले इतिहासात आहेत.

डर्थ हा शब्द ‘डिअर’ म्हणजे महाग या विशेषणापासून सिद्ध झाला असून त्याचा मूळ अर्थ महर्गता हाच आहे. 1587 साली एलिझाबेथ राणीच्या प्रिव्ही कौन्सिलने, कोठारांची झडती घेऊन दडविलेले धान्य बाजारात आणविण्याविषयी जे हुकूम छापून इंग्लंडच्या परगण्यांत पाठविले, ते डर्थच्या निवारणार्थ होते. धान्य होते, परंतु त्याचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला होता. आज इंग्रज लेखक हा शब्द कोणत्याही वस्तूच्या किंवा गुणाच्या वानवेसाठी वापरतात, आणि भावाचा मूळ अर्थ मागे पडला आहे.

ड्राउट, स्कॅर्सिटी आणि फॅमिन या तिहींना आपण दुष्काळ या एकाच शब्दात बसवितो, तेथे मात्र घोटाळा मोठा होतो. 1972 साली महाराष्ट्रात पावसाने दगा दिला, हे ड्राउट. त्यामुळे ज्वारी, चारा आणि पाणी यांचा तुटवडा पडला, ही स्कॅर्सिटी. पण सरकारने कामे काढली, आणि 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे खडी फोडण्यास, पाझर तलाव व नालाबांध बांधण्यास येऊ लागली, त्यामुळे ज्याला फॅमिन म्हणावे असा मनुष्यसंहार टळला. लॅटिनमधील भूक या अर्थाच्या शब्दापासून निघालेला फॅमिन हा शब्द पावसाविषयी काहीच सांगत नाही. अन्नावाचून माणसे मरत आहेत एवढेच तो सांगतो. पाऊस उत्तम पडलेल्या प्रदेशातही फॅमिन येऊ शकतो, आणि पाऊस न पडलेल्या प्रदेशात तो टाळता येतो.

डिस्ट्रेस या शब्दाची कुळकथा याहून विलक्षण आहे. ताणून आवळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द एकीकडे मनाची व शरीराची कोंडी सांगू लागला, आणि दुसरीकडे भाडे थकले असता घरमालकाने भाडेकरूची चीजवस्तू जप्त करण्याच्या हक्काचे नाव बनला. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांतील लघुवाद न्यायालयांसाठी 1882 साली झालेल्या कायद्यात एक संपूर्ण प्रकरण या अर्थाच्या डिस्ट्रेसविषयी आहे, आणि खुद्द इंग्लंडात ही जप्तीची पुरातन पद्धत 2014 साली बंद झाली. ज्या शब्दाने जप्ती करणाऱ्याचा हक्क सांगितला जाई, त्याच शब्दाने ज्याच्या घरातील भांडीकुंडी गेली त्या कुटुंबाची अवस्थाही सांगितली जाई, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. म्हणून जुन्या इंग्रजी कागदात डिस्ट्रेस दिसला म्हणजे प्रथम तो कायद्याचा आहे की लोकस्थितीचा, हे पाहिले पाहिजे. लोकस्थितीचा असेल तर त्याची खूण साठ्यात नसून माणसांच्या वागण्यात असते: गुरे आणि दागिने मातीमोलाने विकली जातात, विणकराचा माग थांबतो, कुटुंबे गाव सोडून रस्त्याला लागतात.

हार्डशिप हा यांतला सर्वांत घरगुती शब्द. तो प्रदेशाला लागत नाही, माणसाला किंवा कुटुंबाला लागतो; शिवाय त्याची तुलना करता येते. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यात, जागा परत मिळविण्यासाठी मालकाने दावा केला असता हुकूमनामा दिल्याने अधिक हार्डशिप होईल की न दिल्याने, हे न्यायाधीशाने तोलून पाहावे अशी तरतूद होती. येथे दुःख किंवा संकट हे शब्द चालणार नाहीत. दोन पक्षांच्या अडचणी पारड्यात घालावयाच्या आहेत, म्हणून ‘अडचण’ किंवा ‘हाल’ हाच शब्द योग्य.

आता फॅमिनकडे पुन्हा येतो, कारण या शब्दाने राज्यकर्त्यांवर जेवढे बंधन घातले तेवढे दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घातले नाही. 1876 ते 1878 या काळात दख्खन व मद्रास इलाख्यात 50 लाखांहून अधिक माणसे मेली. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असे सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविले होते, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध लिहून सरकारला जाब विचारला होता. पुढे सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या दुष्काळ-कमिशनने 1880 साली अहवाल दिला, आणि त्यातून फॅमिन कोड म्हणजे दुष्काळ-संहिता निघाल्या. कोणत्या अवस्थेला काय म्हणावे, कोणत्या अवस्थेत कामे काढावी, कोणत्या अवस्थेत अपंगांना फुकट धान्य द्यावे, हे त्यांत नेमून दिले होते. 1896 साली पुन्हा पीक बुडाले तेव्हा टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेने पत्रकांतून या संहितेतील तरतुदी सोप्या मराठीत रयतेला समजावून दिल्या, आणि सारा-तहकुबी, सूट आणि काम या गोष्टी याचना करून मिळवावयाच्या नसून त्या मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे शेतकऱ्याला आपल्या भाषेत प्रथमच इतके स्वच्छ कळले. या चळवळीमुळे 1897 साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. संहिता रयतेच्या भाषेत आणण्याच्या या कामाहून भाषांतराचे मोठे कार्य मराठीत झाल्याचे मला माहीत नाही.

शब्द रोखून धरला तर काय होते, ते 1943 साली बंगालमध्ये दिसले. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरत असताना तेथे दुष्काळ-संहिता लागू झालीच नाही. लागू केली तर तीत ठरलेला शिधा द्यावा लागेल आणि तेवढे धान्य हाती नाही, असे कारण गव्हर्नर रदरफोर्ड यांनी व्हाइसरॉयला कळविले. वुडहेड यांच्या चौकशी कमिशनने 1945 साली मृतांचा आकडा सुमारे 15 लाख धरला, आणि नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो याहून पुष्कळ मोठा असल्याचे दाखविले आहे.

स्वतंत्र महाराष्ट्राने 1963 साली एक अपूर्व कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच काढून टाकली. टंचाईची चिन्हे दिसताच सरकार उपाय योजते, तेव्हा फॅमिनला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. ही भूमिका घेणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि 1972 साली त्यांनी ती बऱ्याच अंशी खरी करून दाखविली. तथापि ज्या शब्दावर रयतेचा दावा उभा होता तोच कायद्यातून गेल्यावर, पीक पन्नास पैशांच्या आत, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहून कमी, आलेल्या गावाला पुढे ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ अशा संदिग्ध विशेषणांच्या दाराशी तिष्ठत बसावे लागले, हेही खरे आहे. माझ्या मते ती संज्ञा काढावयास नको होती.

इंग्रजी मजकूर मराठीत आणणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की, ड्राउटला अवर्षण, स्कॅर्सिटीला टंचाई, हार्डशिपला अडचण वा हाल लिहावे, डिस्ट्रेसपुढे संदर्भ पाहून थांबावे, आणि अन्नावाचून माणसे मरत आहेत असे मूळ लेखक सांगत असेल तर तेथे ‘संकट’ लिहून मोकळे न होता ते मराठीतही तसेच सांगावे.