साहेबांसमोर घशाला कोरड का पडते?

कंपन्यांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांचा आणि पार्ट्यांचा हंगाम आला की माझ्या दवाखान्यात एका ठरावीक तक्रारीचे रुग्ण येऊ लागतात. "डॉक्टर, शनिवारी कंपनीची पार्टी आहे. हेड ऑफिसचे मोठे साहेब येणार आहेत. ते समोर आले की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, तोंडातून शब्द फुटत नाही. एखादी गोळी द्या." ही मंडळी कामात कच्ची असतात असे मुळीच नाही. नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखणारा माणूस, साहेबांनी "काय, कसं चाललंय?" असे विचारताच "हो साहेब" याच्या पुढे जात नाही. मग बढतीची चर्चा निघते तेव्हा त्याचे नाव कोणाला आठवत नाही. म्हणूनच ही तक्रार किरकोळ समजून हसण्यावारी नेऊ नये.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. आपल्या मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकटाची चाहूल लागताच त्यांतून अ‍ॅड्रिनलिन हे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय जोरात चालू लागते, श्वास वाढतो, घाम येतो. पचनाचे काम मागे पडते व लाळ कमी सुटते, म्हणून घशाला कोरड पडते. समोर वाघ असता तर ही सारी तयारी पळण्यासाठी उपयोगी पडली असती. साहेब म्हणजे वाघ नव्हे, पण शरीराला तो फरक चटकन कळत नाही. ही लक्षणे त्रासदायक असली तरी सहसा धोकादायक नसतात. माणूस तेथेच थांबला तर ती हळूहळू ओसरतात. पळ काढला तर तात्पुरते बरे वाटते, पण पुढच्या वेळी भीती अधिकच वाढते.

दुसरे कारण मनाचे आहे. घाबरलेल्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःकडे असते. 'माझा आवाज कापतोय का? माझा घाम दिसतोय का?' या विचारांत साहेब काय म्हणाले तेच ऐकू येत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठविले. खोलीतील निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट टिपला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच तो टिपला होता. तात्पर्य, आपली फजिती आपल्याला वाटते तितकी जगाला दिसत नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे लक्ष स्वतःकडून समोरच्याकडे वळविणे. त्यासाठी थोडी तयारी करावी.

पार्टीला निघण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा व सहा अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते. त्या दिवशी चहा-कॉफीचा मारा टाळावा, त्याने धडधड वाढते. हातातला पाण्याचा ग्लास डाव्या हातात धरावा, म्हणजे उजवा मोकळा राहतो.

साहेब भेटल्यावर नमस्कार करून नाव, विभाग व किती वर्षे आहात एवढे सांगावे. नंतर कामातली एक ताजी, चांगली गोष्ट एका वाक्यात सांगावी. मग एक प्रश्न विचारावा. "साहेब, आपण सुरुवात कोणत्या विभागातून केली?" हा प्रश्न बहुतेकांना आवडतो. उत्तर नीट ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढावा. बोनस, रजा, बढती किंवा सहकाऱ्याची तक्रार हे विषय तेथे काढू नयेत. दोन-तीन मिनिटांनी "आपला जास्त वेळ घेत नाही, भेटून आनंद झाला" असे म्हणून बाजूला व्हावे. एवढे पुरते.

धीर यावा म्हणून अगोदर 'थोडीशी' घेण्याची प्रथा मात्र घातक आहे. उपाशीपोटी मद्य रक्तात लवकर भिनते, जीभ सैल होते आणि माणूस बोलू नये ते बोलून बसतो. त्याहून वाईट म्हणजे मद्याशिवाय आपल्याला बोलता येत नाही, अशी मनाची समजूत होते. माझ्याकडे आलेले एक पर्यवेक्षक याच वाटेने रोज संध्याकाळी पिऊ लागले होते. मासिक बैठकीत वरिष्ठांपुढे बोलावे लागेल म्हणून त्यांनी चालून आलेली बढतीही नाकारली होती. पत्नीने त्यांना दवाखान्यात आणले. मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी दारू सोडली, आणि रोज आपल्या शिफ्ट इन्चार्जला एक प्रश्न विचारण्यापासून सुरुवात केली. पुढे काही महिन्यांनी ते बैठकीत बोलू लागले.

अशी भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि तिच्यापायी माणूस बैठका, समारंभ किंवा नोकरीतील संधी टाळू लागला, तर तो केवळ लाजाळूपणा नव्हे. वैद्यकशास्त्रात यास सामाजिक भीतीचा विकार म्हणतात व त्यावर समुपदेशन आणि औषधे या दोहोंनी चांगला गुण येतो. थायरॉइडच्या आजारात व पंडुरोगातही धडधड होते, म्हणून एकदा तपासणी करून घ्यावी. धडधड थांबविणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मित्राच्या सांगण्यावरून कदापि घेऊ नये. दम्याच्या रुग्णास ती जिवावर बेतू शकते. ज्यांना दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते.

जाता जाता दोन शब्द साहेब लोकांसाठी. "कसं चाललंय?" या प्रश्नाला "ठीक आहे" याखेरीज उत्तर नसते. त्याऐवजी "तुमच्या विभागात सध्या अवघड काम कोणतं?" असे विचारून पाहावे. ज्याला बोलता येत नाही असे वाटत होते, तोच माणूस कामाविषयी पंधरा मिनिटे बोलेल.