पेन ड्राइव्ह उचलत नाही : इन्स्टॉलर अडण्याची पंचवीस वर्षे

२००१च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली, तेव्हा नवी सिस्टीम टाकताना काही अडले तर कुठे अडले हे निदान पडद्यावर वाचता यायचे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत रॅम मोजली जायची, हार्ड डिस्कचे नाव यायचे, सीडी ड्राइव्हचे नाव यायचे, आणि मग 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' ही ओळ. काही लॅपटॉपवर कंपनीचा लोगो यायचा, पण एक बटण दाबले की तो बाजूला व्हायचा. ज्या ओळीवर मशीन थांबले, तिथून शोध सुरू करायचा. आज लोगो येतो, जातो आणि पडदा काळा राहतो. या पंचवीस वर्षांत इन्स्टॉलर अडण्याची कारणे पार बदलली. मशीनने स्वतःबद्दल सांगणे मात्र कमी कमी होत गेले. मला यातली ही दुसरी गोष्ट जास्त गंभीर वाटते.

'बूट होत नाही' या एका तक्रारीत चार वेगळे प्रश्न असतात. मशीनला सीडी किंवा पेन ड्राइव्ह दिसतो का? दिसला तर त्यातला सुरुवातीचा प्रोग्राम त्याला सापडतो का? सापडला तर ते तो चालू देते का? आणि चालू झाल्यावर त्या प्रोग्रामला पुढे डिस्क, कीबोर्ड, पडदा मिळतो का? कोणत्याही काळातली अडचण घ्या, ती या चारांपैकी एका जागची असते. जागा कळली की उपाय सहसा अवघड नसतो.

पहिला प्रश्न जुना. विंडोज ९५ची दुकानात मिळणारी सीडी स्वतःहून बूट होत नसे. आधी फ्लॉपी लावायची, त्यातून सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर चढवायचा आणि मग सेटअप. सीडीवरून थेट बूट कसे करायचे याचा 'एल तोरितो' नावाचा नियम फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५च्या जानेवारीत मांडला आणि मशीनमध्ये तो रुळायला काही वर्षे गेली. पुढे डिजिट, पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या आणि महाराष्ट्रातल्या अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्यांवरूनच. उबुंटू या लिनक्सची कंपनी तर २०११पर्यंत जगभर टपालाने फुकट सीडी पाठवत असे. घरी सीडी बनवणाऱ्यांची अडचण वेगळीच असायची. उतरवलेली आयएसओ फाइल इमेज म्हणून न भरता साधी फाइल म्हणून सीडीवर टाकली जायची. मशीन सीडी फिरवायचे आणि सोडून द्यायचे. सीडी उघडून पाहिली आणि आत एकच भलीमोठी फाइल दिसली, तर निदान तिथेच संपायचे.

त्या काळातला खरा कठीण प्रकार मात्र चौथ्या प्रश्नातला होता. २००६ ते २००८च्या सुमारास लॅपटॉपमध्ये साटा डिस्क आणि त्यांच्याशी बोलण्याची एएचसीआय पद्धत सर्रास आली. व्हिस्टाला ती पद्धत माहीत होती, एक्सपीच्या सीडीला नव्हती. लोकांना एक्सपीच हवी होती. सीडी बूट व्हायची, निळ्या पडद्यावर ड्रायव्हरची नावे सरसर जायची आणि मग एरर यायची : ०x००००००७बी. या आकड्याचा अर्थ फार नेमका आहे. सिस्टीम सुरू झाली, पण ज्या डिस्कवर तिला काम करायचे ती तिला गाठता येत नाही. मायक्रोसॉफ्टने यावर सोय ठेवली होती. सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबायचे आणि डिस्कचा ड्रायव्हर द्यायचा, तोही फ्लॉपीवरून. लॅपटॉपमधून तर फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच गेला होता. मग दोन मार्ग उरत. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन साटाची पद्धत 'आयडीई' किंवा 'कम्पॅटिबल' करायची, नाहीतर एनलाइट नावाचे सॉफ्टवेअर वापरून ड्रायव्हर आत घातलेली नवी सीडी बनवायची. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ते सेटिंगच नसे, तिथे दुसऱ्या मार्गाला पर्याय नव्हता. 'हार्ड डिस्क गेली' असे सांगून चांगल्या डिस्क बदलल्या गेल्या त्या अशा वेळी. डिस्क धडधाकट होती, इन्स्टॉलरला तिची भाषा येत नव्हती, एवढेच.

२००७च्या शेवटी असूसचा ई पीसी आला, २००८च्या जानेवारीत मॅकबुक एअर आला. दोघांतही सीडी ड्राइव्ह नव्हता. पेन ड्राइव्हचे युग सुरू झाले. युनेटबूटिन आणि २०११मध्ये आलेले रुफस यांनी बूटेबल पेन ड्राइव्ह बनवणे कुणाच्याही आवाक्यात आणले. हे सॉफ्टवेअर फुकट लिहून, वर्षानुवर्षे सांभाळून लोकांना देणाऱ्यांचे ऋण मोठे आहे.

पुढचे वळण मोठे होते. जुने बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचे, शेवटी ठरलेली खूण आहे ना एवढे पाहायचे आणि ताबा देऊन मोकळे व्हायचे. बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयची पद्धत निराळी. ते साधारणपणे फॅट३२ पार्टिशन शोधते, त्यातल्या ईएफआय फोल्डरमधल्या बूट फोल्डरात जाते आणि बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल उचलते. विंडोज ८बरोबर २०१२मध्ये हे घराघरांत पोहोचले आणि दुसऱ्या प्रश्नाची सगळी उत्तरे बदलली. पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला तर अनेक मशीनना तो दिसेनासा झाला. फॅट३२मध्ये केला तर ४ जीबीहून मोठी फाइल बसेना, आणि विंडोजची इन्स्टॉल.विम फाइल पुढे त्याहून मोठी होऊ लागली. त्यात मधली काही वर्षे मशीन दोन्ही पद्धती सांभाळत होती. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसायचा, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला. चुकीचा निवडला तरी इन्स्टॉलर सुरू व्हायचा आणि डिस्क निवडताना सांगायचा, की ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही. लोक मग डिस्क पुसून टाकायचे आणि त्याबरोबर फोटो जायचे, प्रबंध जायचे. मशीन बंद करून मेनूतली दुसरी ओळ निवडली असती तरी काम झाले असते. इतक्या महत्त्वाच्या जागी इतका तोकडा संदेश ठेवणे मला आजही क्षम्य वाटत नाही.

२०१३-१४मधल्या स्वस्त अॅटम टॅब्लेट-लॅपटॉपांनी आणखी एक पेच टाकला. प्रोसेसर ६४ बिट, पण फर्मवेअर, म्हणजे त्यातले यूईएफआय, ३२ बिट. ६४ बिटची नेहमीची फाइल त्यांना चालतच नसे. डेबियनने २०१५च्या आठव्या आवृत्तीत दोन्ही मिळून चालणारा इन्स्टॉलर दिला, तेव्हा ही मशीन पुन्हा कामाला आली.

त्याच वर्षी इंटेलची स्कायलेक पिढी आली आणि विंडोज ७ टाकू पाहणारे चक्रावले. इन्स्टॉलर सुरू व्हायचा, आणि सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही म्हणायचा, तेही डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर. कीबोर्ड, माउस ठप्प. कारण असे, की या चिपसेटमधून यूएसबीचा जुना कंट्रोलर काढून टाकला होता आणि नव्याचा ड्रायव्हर विंडोज ७मध्ये नव्हता. सुरुवातीला पेन ड्राइव्ह वाचत होते ते फर्मवेअर, स्वतःच्या ड्रायव्हरने. विंडोजने ताबा घेतला त्या क्षणी यूएसबी नाहीशी झाली, आणि ज्या पेन ड्राइव्हवरून विंडोज उठली तोही तिला दिसेना. संदेशातला 'डीव्हीडी' हा शब्द सर्वांना भलतीकडे घेऊन गेला.

तिसरा प्रश्न, मशीन चालू देते का, हा २०१२पूर्वी साध्या लॅपटॉपवर जवळजवळ नव्हताच. सिक्युअर बूट आले आणि फर्मवेअर सुरुवातीच्या प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासू लागले. बहुतेक मशीनमध्ये चाव्या मायक्रोसॉफ्टच्या, म्हणजे लिनक्सने काय करायचे? मॅथ्यू गॅरेट आणि इतरांनी 'शिम' हा छोटा प्रोग्राम पुढे केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि पुढचे तपासणे शिमकडे. उबुंटू १२.१० आणि फेडोरा १८पासून ही वाट चालू झाली. सिक्युअर बूटचा हेतू मला पटतो. विंडोजच्या आधी उठून बसणारे हल्ले काल्पनिक नाहीत. २०२३च्या मार्चमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ब्लॅकलोटस या अशाच हल्ल्याची माहिती दिली, तेव्हा ते उघड झाले. पण संरक्षणाची ही यंत्रणा चुकली की फटका साध्या माणसाला बसतो. २०२४च्या ऑगस्टमधल्या विंडोजच्या अपडेटने जुने शिम नाकारायला सुरुवात केली. लिनक्स शेजारी असलेल्या मशीनना हे लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, तरी अनेकांना ते लागू झाले. लिनक्सचे जुने इन्स्टॉलरही अडले. पडद्यावर एसबॅट, म्हणजे शिमच्या आवृत्तीची तपासणी फसल्याची एक ओळ, त्याखाली 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग', आणि मशीन बंद.

लिनक्सकडूनही गंभीर चूक झालेली आहे. २०१७च्या डिसेंबरात उबुंटू १७.१० उतरवून घेण्याची सोय थांबवावी लागली, कारण त्यातल्या एका इंटेल ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपचे बायोस बिघडत होते. सेटिंग सेव्ह होईना, आणि काहींवर यूएसबीवरून बूट करणेच बंद झाले. दुरुस्तीचा मार्ग बंद करणारा हा बिघाड होता. जानेवारीत सुधारलेली आवृत्ती आली आणि आधीच अडकलेल्या मशीनसाठी नवे कर्नल हाच उपाय ठरला.

२०२०नंतरच्या, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर एफ६चा काळ परतला आहे. विंडोजचा इन्स्टॉलर नीट सुरू होतो, आणि डिस्कची यादी रिकामी. व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे डिस्क गेलेली असते. उपाय तोच : 'लोड ड्रायव्हर' दाबायचे आणि रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यायचा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद केले तरी डिस्क दिसते, पण आधीपासून असलेली विंडोज मग त्याच ७बी एररने कोसळू शकते, किंवा डिस्क एन्क्रिप्ट करणारे बिटलॉकर ४८ अंकांची रिकव्हरी की मागते. विंडोज ११मध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते, मालकाला ते ठाऊकही नसते. म्हणून बायोसला हात लावण्याआधी ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्यावी आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले लॅपटॉप अधिकृतपणे विंडोज ११वर जाऊ शकत नाहीत, त्यांच्यावर लिनक्स टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. यातले बरेचसे यूईएफआयच्या पहिल्या पिढीचे, म्हणजे २०१२ ते २०१५चे. काहींचे फर्मवेअर विंडोजच्या ठरलेल्या फाइलखेरीज दुसरे काही उचलतच नाही. त्यात सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६मध्ये संपते. जुन्या सहीचे इन्स्टॉलर त्यानंतरही चालतील, पण फक्त २०२३च्या प्रमाणपत्राने सही केलेले इन्स्टॉलर नवी चावी न मिळालेल्या मशीनवर नाकारले जातील, आणि या लॅपटॉपना फर्मवेअरचे अपडेट येणे केव्हाच थांबले आहे. तेव्हा मालकाला सिक्युअर बूट बंद करावे लागेल, म्हणजे सर्वांत जुन्या मशीनवरच संरक्षण उरणार नाही. या मॉडेलांसाठी कंपन्यांनी नव्या चाव्या असलेले एक शेवटचे अपडेट काढावे, आणि बूट नाकारताना नेमके कारण पडद्यावर लिहावे.