मिररलेस कॅमेरा : बॉडी आधी की लेन्स?

आरसा काढून टाकल्यामुळे मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स अडकवण्याची कडी, म्हणजे माउंट, आणि प्रतिमा टिपणारा सेन्सर यांतील अंतर बरेच घटले. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर होते, तर २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरच आहे. या मोकळ्या जागेत अडॅप्टर बसत असल्याने जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात. मात्र निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे, स्वतःची मोटर नसलेल्या लेन्सचा फोकस हातानेच साधावा लागतो. बॉडी लवकर जुनी ठरते, चांगली लेन्स मात्र अनेक बॉडींना पुरून उरते; म्हणून ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल-फ्रेम सेन्सरचा मोह (तो आवरणे कठीणच) बाजूला ठेवून हौशी छायाचित्रकाराने आधी माउंटसाठी मिळणाऱ्या लेन्स, त्यांचे वजन आणि किमती पाहाव्यात.