दिवाळी, जुना व्याधी आणि भयाची तिथी

भाऊबीज आटोपून चार-आठ दिवस झाले की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील चिकित्सालयांत एक ठराविक गर्दी सुरू होते. आमवाताची रुग्णा सांधे सुजवून येते, जुन्या मधुमेह्याची साखर वाढलेली असते, तमकश्वासाच्या रुग्णाने दोन रात्री बसून काढलेल्या असतात. आपण फराळाला दोष देतो, पथ्य सांगतो आणि पुढचा रुग्ण आत बोलावतो. या व्याधिवृद्धीचा विचार एवढ्यावर थांबविणे योग्य नाही.

चरकाचार्यांनी राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे सांगितली आहेत. ती प्रत्येक व्याधीला सरसकट लावणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि बलहानीचे मार्ग म्हणून पाहिल्यास दिवाळीच्या आठवड्यात ही चारही एका घरात नांदताना दिसतात. साहस म्हणजे बळाबाहेरचे कर्म. घराची झाडलोट, चुलीपुढचे तळण, पहाटेचे उठणे, पाहुण्यांची सरबराई आणि माहेरचा प्रवास हे सारे बहुधा एकाच स्त्रीच्या अंगावर पडते. दौंडमध्ये रेल्वेची आणि राज्य राखीव पोलीस दलाची कुटुंबे बरीच आहेत. सणाच्याच दिवशी घरचा पुरुष गाडीवर वा बंदोबस्तावर असतो आणि आजारी गृहिणीला मदतीस कोणी उरत नाही. वाग्भटांनी व्यायामासाठी सांगितलेली अर्धशक्तीची मर्यादा अशा रुग्णेच्या घरकामालाही लावावी. थकल्यावर विश्रांती घेणे आणि थकण्यापूर्वी थांबणे यांत मोठे अंतर आहे. करंज्या बसून कराव्यात, तळण दुसऱ्याने करावे, ज्या दिवशी पाहुणे त्या दिवशी प्रवास नको, असे स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो सासूबाईंच्या वा पतीच्या समक्ष सांगावे. केवळ ‘दगदग करू नका’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

अधिक दुर्लक्षित राहते ते क्षय हे कारण. त्यात शोक, चिंता आणि भय यांचा समावेश आहे. २०२५ च्या १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या अवधीत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्धा अशा तिघांचा बळी गेला. दिवाळी याच तीन आठवड्यांत आली. ज्या संध्याकाळी अंगणात पणत्या लावावयाच्या, त्याच संध्याकाळी मुलांना घरात घेऊन दार लावण्याची वेळ आली. ऊसतोडही याच सुमारास सुरू होते. फड मोकळे होऊ लागले की त्यांत दडलेले जनावर बाहेर पडते. त्यामुळे या पट्ट्यातील माणसाला उसाची सळसळ, कुत्र्याचे अचानक भुंकणे आणि दिवेलागण यांनी भय आठवावे यात नवल नाही. ते भय नुसते आठवणीतले नाही, धोका आजही आहे. म्हणून रुग्णाला भित्रा ठरविणे सर्वथा अनुचित. मराठवाड्यातही सण आणि आघात असेच एकत्र आले होते. १९९३ मध्ये अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबरला, किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडे वर्षश्राद्ध तिथीने होते, त्यामुळे २०२० व २०२१ च्या कोविडमध्ये गेलेल्यांची आठवणही अनेक घरांत सणाला लागूनच येते.

ज्वरचिकित्सेत चरकांनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. ज्वराचा वेग आणि त्याची वेळ यांचे चिंतन करीत राहिल्यानेच ज्याला ज्वर येतो, त्याची ती स्मृती प्रिय आणि विविध विषयांच्या योगाने घालवावी, असे ते सांगतात. नेमलेली वेळ जवळ आली की शरीर आधीच बिथरते, हे निरीक्षण किती जुने आहे! मात्र स्मृती घालविणे म्हणजे ‘विसरा आता’ असे दटावणे नव्हे. घडलेली हकीकत खोदून विचारू नये. रुग्ण आपण होऊन बोलला तर शांतपणे ऐकावे. पणत्या उजेड असतानाच लावाव्यात, तिन्हीसांजेस सोबतीला कोणी असावे, फटाक्यांची वेळ घरात आधी ठरवावी म्हणजे आवाज अवचित कानी पडणार नाही. तमकश्वासाच्या रुग्णाला त्या धुरापासून दूरच ठेवावे. हे सर्व सुचावयाचे तर रुग्णपत्रकात एक प्रश्न वाढवावा लागेल: वर्षातील कोणते दिवस आपणांस जड जातात? हा प्रश्न नवरात्रापूर्वीच विचारावा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी विचारून काही साधत नाही.

झोप कित्येक आठवडे उडाली असेल, दचकणे थांबत नसेल वा जीव नकोसा झाल्याची भाषा असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. तो औषधालयाच्या फळीवर ठळक लिहून ठेवावा.

औषधालयचालकांकडून दोन अपेक्षा. ‘सणासाठी ताकदीचे काही द्या’ म्हणणाऱ्याला अश्वगंधारिष्टाची बाटली देण्यापूर्वी मधुमेह आहे का ते विचारावे. अरिष्टांत गूळ, साखर वा मध असतोच. तसेच अभ्यंगाचे तेल नेणाऱ्या आमवाताच्या रुग्णाचे सांधे सुजलेले, तापलेले असतील, तर सामावस्थेत तेल वर्ज्य असल्याचे सांगून त्याला वैद्याकडे पाठवावे. नरक चतुर्दशीला त्याने नुसत्या कोमट पाण्याने स्नान करावे. आणि मधुमेह, रक्तदाब व दम्याची चालू असलेली औषधे, मग ती कोणत्याही पद्धतीची असोत, दुकाने बंद राहण्याच्या दिवसांत पुरतील एवढी घरात आहेत ना, ही चौकशी वसुबारसेपूर्वी व्हावी.