आई तीच, घर मात्र वेगळे

पांढरकवड्यात हिवाळ्याच्या दिवसांत इशाची जमात आणि साडेसातची मालिका जवळपास एकाच वेळी येतात. घरातले पुरुष मशिदीकडे निघालेले असतात, तव्यावर रोट्या असतात आणि अजानपुरता बंद केलेला टीव्हीचा आवाज पुन्हा वर गेलेला असतो. मालिका फक्त बायका पाहतात, ही समजूत पुरुषांनीच पसरवली आहे. दस्तरखानावर टीव्हीकडे पाठ करून बसलेल्या अब्बांनाही पडद्यावरचे कोणाचे लग्न कशामुळे मोडले ते नेमके ठाऊक असते. रमजानमध्ये अनेक घरांत टीव्ही महिनाभर बंद राहतो. ईदनंतर लावून पाहावे तर कालचीच पंगत अजून उठलेली नसते, मग कोणाचे काय चुकले याची तक्रार तरी कशी करावी!

जेवताना आपण वाद घालतो तो पात्रांवरून. ती परत त्याच्या घरी का गेली? सासूला एकदा सुनावत का नाही? वाद घालावा असा खरा माणूस मात्र पडद्यावर दिसतच नाही. त्याचे नाव सुरुवातीला दोन सेकंद झळकते आणि जाते. तो निर्माता. त्या नावाप्रमाणे गोष्ट किती बदलते हे पाहण्यासाठी आमच्या गावाइतकी सोयीची जागा नाही. पांढरकवडा नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. गावात तेलुगू बोलणारी घरे आहेत, हिंदी-उर्दू बोलणारी आपली घरे आहेत आणि मराठी तर सगळ्यांचीच. त्यामुळे गेल्या काही वर्षांत एकच गोष्ट एकाच गावात तीन भाषांत पाहण्याची सोय झाली.

ती गोष्ट लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या एका बाईची. मुले मोठी झालेली, सासू-सासरे सांभाळलेले, स्वतःसाठी काही केलेले नाही आणि अचानक कळते की नवऱ्याचे ऑफिसातल्या बाईशी वर्षानुवर्षे संबंध आहेत. मराठीत ती अरुंधती. 'आई कुठे काय करते' ही मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि मधुराणी प्रभुलकर घराघरांत पोचल्या. हिंदीत ती अनुपमा, म्हणजे रूपाली गांगुली. 'अनुपमा' स्टार प्लसवर १३ जुलै २०२० पासून सुरू झाली. तेलुगूत ती तुलसी झाली, मल्याळममध्ये सुमित्रा, तमिळमध्ये बाक्या. कन्नडमध्येही ती गेली. मूळ गोष्ट बंगाली. २०१९ च्या जूनमध्ये स्टार जलसावर आलेली 'श्रीमयी'. लेखिका लीना गंगोपाध्याय.

इतक्या भाषांत एकच गोष्ट गेली, कारण गोष्टीचा मालक निर्माता नसतो, चॅनल असते. चॅनल गोष्ट ठरवते, वेळ ठरवते आणि दर भागामागे ठराविक रक्कम देऊन ती मालिका एखाद्या निर्मात्याकडे सोपवते. सेट उभा करणे, कलाकार, लेखक, दिग्दर्शक जमवणे आणि रोज एक भाग हातात ठेवणे हे त्याचे काम. मालिका जितकी चालेल तितके भाग आणि जितके भाग तितकी कमाई. वरणात पाणी घालावे तशी मालिका वाढत जाते, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

आता गंमत पाहा. मराठी आणि हिंदी या दोन्ही मालिकांचा निर्माता एकच, राजन शाही. तरी दोन घरे वेगळी झाली. मराठीतल्या अरुंधतीच्या गळ्यात गाणे दिले, कारण मधुराणी स्वतः गातात. अनुपमाच्या पायांत नाच दिला. अरुंधतीचे देशमुखांचे घर मध्यमवर्गीय, बोलणे शांत. मुग्धा गोडबोले यांचे संवाद आपल्या शेजारच्या घरात ऐकू यावेत असे. अनुपमाचे घर अहमदाबादचे गुजराती, रंगीत, सणांनी भरलेले. अरुंधती आशुतोषशी दुसरे लग्न करते, अनुपमा अनुज कपाडियाशी. पण अनुपमा पुढे अमेरिकेत जाते, काळ पाच वर्षे पुढे उडी मारतो, नंतर पंधरा वर्षे. शाहींचे जुने काम ज्यांनी पाहिले त्यांना याचे नवल वाटले नसेल. त्यांची 'ये रिश्ता क्या कहलाता है' जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली, आणि अक्षरा झाली, मग तिची मुलगी नायरा, मग नायराची मुलगी, असा वंशच पुढे सरकत राहिला. पिढी बदला, मालिका चालू ठेवा, ही त्यांची पद्धत.

बंगालीत निर्माता दुसरा होता, आणि तिथली गोष्ट आम्हाला जास्त विचार करण्यासारखी वाटते. 'श्रीमयी'ची निर्मिती 'मॅजिक मोमेंट्स' या संस्थेची आणि लीना गंगोपाध्याय त्या संस्थेच्याच भागीदार. ज्या बाईने गोष्ट लिहिली तिच्याच हातात सेटच्याही किल्ल्या होत्या. श्रीमयी नवऱ्यापासून सुटली, तिने रोहित सेनशी लग्न केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये, अडीच वर्षांत, मालिका संपली. मराठी मालिका नोव्हेंबर २०२४ पर्यंत, जवळपास पाच वर्षे चालली. या दोन-अडीच वर्षांच्या फरकात मराठीत काय काय घडले? आशुतोष अपघातात गेला, अरुंधतीच्या वाट्याला पुन्हा दुःख आले. एका बाईला न्याय मिळाल्यावर तिच्यावर नवे संकट आणल्याशिवाय उद्याचा भाग होत नाही. फरकाचे हेच एकमेव कारण असे आम्ही म्हणणार नाही, बाजार, वेळ, भाषा सगळेच वेगळे. पण शेवट ज्याच्या डोक्यात आधीपासून असतो त्याच्याच हाती मालिका असेल तर ती संपू शकते, इतके दिसते.

चॅनलला मालिका चालली की नाही हे कळते ते दर गुरुवारी येणाऱ्या आकड्यांतून. २०१५ पासून ही मोजणी बार्क ही संस्था करते. देशभरातल्या निवडक घरांत, आज पन्नास हजारांहून अधिक घरांत, यंत्रे बसवलेली आहेत. त्यांवरून सारा देश काय पाहतो ते ठरते. ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यांतली घरेही मोजली जाऊ लागली. त्यानंतर वर्षभरात मराठी पडद्यावर गावे दिसू लागली, हा योगायोग नसावा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली आणि तिच्यातली राधिका नागपूरकडची बोली बोलू लागली. अनिता दाते यांच्या तोंडचे ते बोलणे ऐकून आमच्याकडच्या बायका हसल्या, नंतर खूश झाल्या. मुंबई-पुण्याच्या मराठीखेरीज कोणी मुख्य भूमिकेत बोलते हेच नवीन होते. पुढे तिच्या मसाल्याची ३०० कोटींची कंपनी झाली तेव्हा मात्र सगळ्यांनीच कपाळावर हात मारला. त्याच वर्षी कोल्हापूरकडची 'तुझ्यात जीव रंगला' आली आणि २०१७ मध्ये साताऱ्याची 'लागिरं झालं जी'.

'लागिरं'च्या निर्मात्या श्वेता शिंदे स्वतः साताऱ्याच्या. त्यांनी आणि संजय खांबे यांनी मालिका त्या भागातच चित्रित केली. सैन्यात जाणारा मुलगा, रानातली घरे, साताऱ्याची बोली. या गोष्टी मुंबईच्या सेटवर आणून ठेवता येत नाहीत. महेश कोठारे यांच्या 'जय मल्हार'मध्ये चमत्कार आणि दृश्ये भव्य, कारण त्यांचे सिनेमेच तसे. बांदेकरांच्या 'ठरलं तर मग'मध्ये कोर्ट-कचेरी आणि प्रेमाचे लपंडाव, मूळ तमिळ 'रोजा'. ज्याचा जसा हात तसे त्याचे सालन. मिरच्या बाजारातून त्याच येतात.

निर्मात्याची इच्छा असली तरी आकडे साथ देत नाहीत, असेही होते. दशमी क्रिएशन्सने सोनी मराठीवर जानेवारी २०२० मध्ये 'सावित्रीजोती' आणली. फातिमा शेख यांच्या सोबतीने मुली शिकवणाऱ्या सावित्रीबाईंची गोष्ट रोज संध्याकाळी घरात येत होती. ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबली.

आता आपल्या घरांकडे येऊ. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई, हा विषय या सगळ्या मालिकांचा कणा. अरुंधती आणि अनुपमा यांच्या घरांत त्याचा निकाल लागायला शेकडो भाग लागतात. बायको रडते, उभी राहते, कोर्टात रीतसर घटस्फोट होतो आणि मगच दुसरे लग्न. घर मुसलमानाचे असले की लेखकाला हे सगळे नको असते. तिथे दुसरी बायको आधीपासूनच घरात बसवलेली असते किंवा तीन शब्दांत काम उरकते. झी टीव्हीवर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये 'कुबूल है' सुरू झाली तेव्हा आपल्या अनेक घरांत ती कौतुकाने पाहिली गेली. भोपाळचे घर, सलाम-दुआ, दुपट्टे, ईद. नायक असदचे वडील पहिल्या बायकोला सोडून दुसरीसोबत राहतात, ही गोष्टीची सुरुवात. निर्मात्या गुल खान. म्हणजे निर्माता आपल्यातला असला की घर आपल्यासारखे दिसेल, ही आशा धरायला जागा होती. दिसलेही, काही महिने. मग खून, सूड, वीस वर्षांची उडी, मेलेल्या नायिकेची मुलगी म्हणून पुन्हा तीच नायिका. सव्वातीन वर्षे मालिका चालली, आणि शेवटी ते घर कोणत्याच धर्माचे उरले नव्हते, ते फक्त मालिकेचे घर होते. निर्माता कोणाच्या घरातला आहे याने पहिले पन्नास भाग ठरतात, पुढचे रोजच्या भागाच्या सक्तीने ठरतात, असे आम्हाला वाटते.

याच विषयावरची दुसरी मालिका २०१४ मध्ये झिंदगी चॅनलवर आली, 'जिंदगी गुलजार है'. ही पाकिस्तानची. लेखिका उमेरा अहमद, दिग्दर्शिका सुलताना सिद्दीकी, निर्मात्या मोमिना दुरैद, तिघीही स्त्रिया. इथेही बाप मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न करून निघून गेलेला आहे. पण गोष्ट त्याची नाही. गोष्ट मागे राहिलेल्या रफियाची आहे, जी शाळेत शिकवते आणि तीन मुलींना वाढवते. थोरली कशफ वडिलांवरचा राग मनात ठेवून शिकते, सरकारी परीक्षा पास होते, लग्नावर तिचा विश्वास बसायला वेळ लागतो. दुसरी बायको राक्षसीण नाही, आई देवी नाही. सगळे २६ भागांत संपते. तिकडे मालिका आठवड्यातून एकदा दाखवतात आणि शेवट आधी लिहिलेला असतो, म्हणून रोज एक रडारड शोधावी लागत नाही. आपल्याकडच्या मुलींनी कशफ पाहून अभ्यासाचा विषय काढला, नवऱ्या मुलाचा नाही, हे आम्ही त्या काळात ऐकले आहे. सप्टेंबर २०१६ नंतर त्या मालिका या चॅनलवरून गेल्या.

मराठीत मात्र पाहायला गेले तर साडेसात ते दहा या वेळेत आपले घर येतच नाही. ऐतिहासिक मालिकेत दरबार येतो, सामाजिक मालिकेत कधी नायकाचा जिवाभावाचा मित्र, कधी गॅरेजवाला, ईदला शीरखुर्मा आणून देतो आणि निघून जातो. त्याच्या घरी आई आहे का, बहीण बारावीला आहे का, शेतात कापूस किती निघाला, हे कोणी विचारत नाही. जे घर हिंदीत दिसते ते हवेली असते, झुंबर लटकलेले, सगळे शेरवानीत. आपल्यापैकी कोणाच्या बैठकीत झुंबर आहे? इथे जिनिंगवर कामाला जाणारे आहेत, शिवणकाम करणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाजी आहेत, एसटीचे वाहक आहेत. निकाह मोडायची वेळ आली तर जमातीचे चार बुजुर्ग बसतात, मुलीचे मामू अकोल्याहून येतात, मेहर, इद्दत, मुलांचा खर्च यावर रात्र-रात्र बोलणे होते आणि पुष्कळदा घर सावरते. कधी मुलगीच खुला मागते. यात नाट्य कमी नाही, फक्त ते तीन शब्दांचे नाही.

अरुंधतीला तिच्या अपमानाबद्दल बोलायला दोनशे भाग मिळाले. आपल्या घरातली अशीच बाई मराठी पडद्यावर आली तर तिला दोन भाग तरी मिळतील का, हे ती कोणत्या निर्मात्याच्या हाती पडते त्यावर आहे. साताऱ्याला श्वेता शिंदे मिळाल्या. घरात दखनी, अंगणात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या घराचे बोलणे ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले आहे आणि गोष्टीचा शेवट ज्याच्या खिशात आहे, असा कोणी अजून साडेसातच्या वेळेत आलेला दिसत नाही.